रविवारचं कोरं पान

“दर रविवारी विहारात जाते आणि तिथून निघावंसंच वाटत नाही. सोमवारी ऑफिसात शिरले की पुन्हा छातीवर दगड. मॅडम, मी कोत्या मनाची झालेय का?”

खराडीतल्या एका कंपनीत नोकरी करणारी, यवतमाळकडची बौद्ध मुलगी विचारत होती. वय २७. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पुण्यात बाहेरून आलेली मुलंमुली हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर आणतात. कुणी ख्रिस्ती असतं, कुणी मुसलमान. आपल्या माणसांत बरं वाटतं याचा अपराधीपणा मात्र सगळ्यांचा सारखाच.

हिच्या बाबतीत सल जरा खोल होता. एक मैत्रीण म्हणाली होती, “तू आता फारच जातीत रमायला लागलीस.” ज्या घरात जात मोडायची म्हणून धम्म स्वीकारला, तिथली ही मुलगी. ते वाक्य तिला महिनाभर झोपू देत नव्हतं.

पहिल्या भेटीत माझं चुकलं. मी तिला ऑफिसातल्या ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये जायला सांगितलं. ती दोनदा सिंहगडावर गेली. दुसऱ्यांदा पिठलं-भाकरी खाताना एकाने विचारलं, “तुझं पूर्ण नाव काय गं?” तिने सांगितलं. तो “अच्छा” म्हणाला आणि दही मागवायला वळला. वाईट कुणीच काही बोललं नाही. पण त्या एका ‘अच्छा’चा अर्थ लावण्यात तिचे आठ दिवस गेले. माणसांत मिसळणं तिला जमतच होतं. मिसळताना ती जो पहारा देत होती, तो मला दिसला नव्हता.

मग मी तिला एक वही घालायला सांगितली. रोज रात्री एवढंच लिहायचं: आज काय बोलायचं राहिलं, काय गिळलं? पंधरा दिवसांनी तिने वही माझ्यासमोर ठेवली. आडनाव टाळलं. जेवताना आरक्षणाचा विषय निघाला, डब्यात बघत राहिले. बाबांचा फोन आला, ‘जय भीम’ म्हणायला जिन्यात गेले. १४ एप्रिलची सुट्टी कशाला हवी म्हणून विचारलं, घरी काम आहे म्हटलं. अशी पानंच्या पानं. रविवारची दोन्ही पानं मात्र कोरी.

“विसरलीस?” मी विचारलं.

“नाही मॅडम. लिहायला काही नव्हतंच.”

आम्ही दोघी बराच वेळ गप्प बसलो. मान आखडणं, अपुरी झोप, रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा, या तिच्या तक्रारींचं मूळ त्या वहीत होतं. आठवड्याचे सहा दिवस सावध राहिलेलं शरीर एक दिवस सैल सोडायला जागा शोधतं. त्याला कोतेपणा कसा म्हणायचा?

विश्रांतवाडीकडच्या त्या विहारात पहिल्याच दिवशी पांढऱ्या लुगड्यातल्या एका आजींनी तिला विचारलं होतं, “कोन्या गावची वं पोरी तू?” हाच प्रश्न ऑफिसात आला की तिच्या पोटात खड्डा पडे. इथे डोळ्यांत पाणी आलं. त्रिशरण-पंचशीलही तिच्या आजीच्याच चालीत निघालं. वर्षावासात, आषाढ ते आश्विन पौर्णिमा, तिथे ग्रंथवाचन चालतं. त्यात ती रमली.

तरी मी एक गोष्ट तपासतेच: तिथे नाही म्हणता येतं का? कारण काही जण आपल्या माणसांत जातात ते दार लावून घ्यायला. बाहेरची भीती वाढतच जाते आणि आतल्यांशी मतभेदाची सोय उरत नाही. विहारातल्या बायकांनी हिच्या सोयरिकीची चर्चा सुरू केली, तेव्हा ती म्हणाली, “लग्नाचं मी बघीन.” पुढच्या रविवारी तिच्या वाटीत खीर तेवढीच पडली. मला हायसं वाटलं.

जातीचा सल तिचा तिनेच सोडवला. डिसेंबरात विहारातल्या बायकांबरोबर ती लोकलने देहूरोडला गेली. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी तिथे स्वतः बुद्धमूर्ती बसवली, नागपूरच्या दीक्षेआधी जवळपास दोन वर्षं. परत आल्यावर म्हणाली, “संघं सरणं गच्छामि. लहानपणापासून म्हणतेय मॅडम. बुद्ध, धम्म आणि तिसरा संघ. एकटीने नाही पेलायचं, असंच तर म्हणत होते मी. आणि तिथे कुणालाही येऊन बसता येतं. जातीत तसं येता येत नाही.”

आता ती बाबांशी जागेवर बसूनच बोलते. वही चालू आहे. काही सोमवार जवळजवळ कोरे असतात, काही भरलेले. परवा एका घरमालकाने आडनाव ऐकलं आणि फ्लॅट दुसऱ्याला दिल्याचं सांगितलं. पान भरून लिहिलंय. त्या रात्री तिने मला नाही, त्या आजींना फोन केला.