हॉर्नपाइप नाचासाठी वाजवायचा तर आधी हे बघ

अरे सूर बरोबर लागतायत तुझे, व्हिसलवर (त्या छोट्या आयरिश बासरीवर) बोटंही मस्त चालतायत, फक्त तू हॉर्नपाइप, म्हणजे ही झुलत्या लयीची नाचाची धून, रील या वेगवान धुनेसारखा पळवतोयस आणि नाचणाऱ्याचं तिथेच अडतं. आयरिश स्टेप डान्समध्ये हा हार्ड शूज (आवाज करणारे टणक तळाचे बूट) घालून नाचतात, पायाचा प्रत्येक ठोका ऐकू यायला हवा, त्याला जागा लागते. वरच्या लेव्हलच्या स्पर्धांमध्ये मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 113 ठोक्यांच्या आसपास असतो, म्हणजे बघ किती सावकाश!

सध्या एवढंच धर:

- कागदावर नोट्स सारख्या लांबीच्या दिसतात, तशा वाजवू नकोस. जोडीतली पहिली लांब, दुसरी आखूड, डाऽ-डि डाऽ-डि, साधारण दोनास एक. तीनास एक केलंस की चाल ताठ होते, नवीन लोकांचं हे हमखास होतं.
- प्रत्येक बारच्या (चार ठोक्यांच्या गटाच्या) पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर वजन दे.
- बऱ्याच हॉर्नपाइपमध्ये आठ बारचा भाग संपताना तीन ठाम नोट्स येतात, पम पम पम. तिथे घाई करून पुढच्या भागात उडी मारू नकोस, त्या पूर्ण वाजव.

रोल (नोट सजवायची बोटांची करामत) वगैरे नंतर बघू. आधी एकच ट्यून पाय आपटत वाजव आणि रेकॉर्ड करून पाठव, मी नक्की ऐकतो.