कांद्याच्या साठ्यावर मर्यादा : केंद्राला हा अधिकार कुठून?

प्रश्न : शेती आणि बाजार हे तर राज्यांचे विषय. मग मी गोदामात कांदा किती ठेवायचा, हे दिल्ली कशी ठरवते? (घाऊक व्यापारी, लासलगाव)

उत्तर : शेती आणि बाजार राज्यसूचीतच आहेत. पण १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने खाद्यपदार्थांचे उत्पादन, पुरवठा व व्यापार समवर्ती सूचीच्या (ज्या विषयांवर केंद्र आणि राज्ये दोघेही कायदे करू शकतात) नोंद ३३ मध्ये आणले. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा त्याच जोरावर उभा आहे आणि साठामर्यादेचा आदेश त्याच्या कलम ३ खाली निघतो. ऑक्टोबर २०२० मध्ये घाऊक व्यापाऱ्याला २५ टन आणि किरकोळ विक्रेत्याला २ टन अशी मर्यादा होती. हंगामात भरलेल्या गोदामावर असा आदेश अचानक येऊन पडणे अन्यायाचेच आहे, पण तेवढ्याने तो घटनाबाह्य ठरत नाही. निर्यातबंदीची गोष्ट वेगळी; परदेशी व्यापार सर्वस्वी केंद्राकडे.

माल जप्त झाला, तरी जिल्हाधिकारी तो परस्पर सरकारजमा करू शकत नाहीत. कलम ६-ब नुसार आधी लेखी नोटीस हवी. तिला मुदतीत लेखीच उत्तर द्या. सोबत खरेदीच्या पावत्या आणि साठा नोंदवहीची प्रत जोडा. वही आणि गोदाम यांचा मेळ बसला नाही, की बाजू लंगडी पडते. सडलेला माल काढला, तर त्याच दिवशी वहीत घट लिहा.