पाऊस थांबायची वाट पाहू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रिन्स रूपर्टला पोचून महिना झाला, पण पाऊस थांबल्याशिवाय गाव बघायला बाहेर पडणार नाही, असं तू लिहिलं आहेस. म्हणून लगेच लिहायला बसले. तो पाऊस थांबायची वाट बघू नकोस.

आपल्याला पाऊस नवा नाही, पण आपला पाऊस चार महिन्यांचा. मुंबईत जून ते सप्टेंबरात जेवढं पाणी पडतं, साधारण तेवढंच, किंबहुना थोडं जास्त, रूपर्टला वर्षभर झिरपत राहतं. २५०० मिलिमीटरच्या वर. प्रशांत महासागरावरचे ढग किनाऱ्यालगतच्या डोंगरांना अडतात आणि तिथेच रिकामे होतात, आपल्या घाटमाथ्यासारखेच. फरक असा की तिथे कोसळणं कमी आणि भिजवत राहणं फार. ऑक्टोबर सगळ्यात ओला. तू नेमकी त्याच तोंडावर पोचलीस, तेव्हा सुरुवातीलाच जड जातंय यात तुझा काही दोष नाही.

छत्री कपाटात ठेव, वाऱ्यापुढे तिचा निभाव लागत नाही. पहिल्या पगारातून टोपीचा, पूर्ण जलरोधक कोट घे, तशीच पँट आणि गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट. इथे काटकसर करू नकोस. जीन्स एकदा भिजली की दिवसभर अंगाला गार चिकटून राहते; आत लोकर किंवा सिंथेटिक घाल.

घराकडे त्याहून जास्त लक्ष दे. सकाळी खिडकीच्या काचेवर आतून पाणी जमतं, खालच्या चौकटीत साचतं आणि तिथूनच काळी बुरशी धरते. उठल्या उठल्या जुन्या पंचाने ते पुसून काढ. पलंग आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब ठेव, हवा खेळली पाहिजे. आंघोळ, भात, कुकर, सगळ्याच्या वेळी एग्झॉस्ट पंखा चालू. डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र, घरमालकाकडे माग; नाही दिला तर वापरलेला विकत घे. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहिली की गाद्या आणि पुस्तकं वाचतात.

डिसेंबरात उजेड सात-साडेसात तासांचाच, तोही राखाडी. ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचार, आणि रोज दुपारी, भर पावसात, चालायला जा. बट्झ रॅपिड्सची वाट मला फार प्रिय. भरती-ओहोटी बदलली की तिथे पाण्याचा प्रवाह दिशा बदलतो आणि खळाळतो. भरतीचं वेळापत्रक बघून नीघ. अस्वलांचा वावर असतो, म्हणून कानात इयरफोन नकोत.

किराणा ट्रकने येतो, स्कीना नदीकाठच्या एकाच महामार्गावरून. दरड किंवा हिमकडा कोसळला की रस्ता बंद. तेव्हा आजीसारखी आगोट भरून ठेव: तांदूळ, डाळी, पीठ, मसाला, मेणबत्त्या. त्या महामार्गावर अनोळखी गाडीला हात मात्र कधीही करू नकोस. गेल्या अनेक दशकांत तिथून कितीतरी बायका-मुली, बहुतांश आदिवासी, बेपत्ता झाल्या किंवा मारल्या गेल्या. गाडी नसेल तर बसचं वेळापत्रक बघ.

आता माणसांबद्दल, कारण तिथे टिकायचं ते माणसांच्या जोरावर. ही भूमी त्सिम्शियन या आदिवासी लोकांची. त्या बंदराच्या काठाने ते किमान ५००० वर्षं राहत आले आहेत. शहर म्हणून रूपर्टची नोंद १९१० ची, म्हणजे कालपरवाची. त्यांची स्मॅल्ग्याक्स भाषा शाळेत शिकवतात. चार शब्द शीक, कार्यक्रमाला बोलावलं तर जा, आणि प्रश्न विचारण्याआधी बराच वेळ नुसती ऐकत बस. सरकारने त्यांची पोरं घरातून निवासी शाळांत ओढून नेली, त्या जखमा अजून ओल्या आहेत, हे ध्यानात असू दे.

कधीतरी शेजारी दारात साल्मन किंवा हॅलिबट मासा घेऊन उभे राहतील. संकोच न करता घे. हॅलिबटला हळद-तिखट-आमसुलाचं पाणी लावून रव्यात परत, कुठल्याही कोकणी माणसाला आवडेल. डबा रिकामा परत करायचा नाही हे तुला सांगायला नको. चिवडा दे, लाडू दे. तिथली अर्धी ओळख अशीच होते.

एका बाबतीत मात्र सक्त ताकीद. ओहोटीला खडकांवर शिंपल्या दिसल्या की आपला हात शिवशिवतो, तिसऱ्यांचं सुकं आठवतं. परवाना आणि त्या भागात बंदी नसल्याची खात्री, दोन्ही असल्याशिवाय एकही उचलू नकोस. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचं विष त्यांच्यात साठतं, ते शिजवून जात नाही, आणि त्याने श्वास बंद पडून माणूस दगावू शकतो.

भारतात यायचं तिकीट काढशील तेव्हा व्हँकुव्हरला एक रात्र मुक्काम ठेव. विमानतळ डिग्बी बेटावर आहे, आधी बस, मग फेरी, आणि धुकं असलं तर विमान उतरतच नाही. पुढचं विमान त्याच दिवशीचं घेतलंस तर जीव टांगणीला लागेल.

कोट घेतलास की कळव.

तुझी,
मावशी