सासूबाईंचा चहा आणि उजनीची पाइपलाइन

प्रश्न : सर नमस्कार, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. उजनी धरणातून सोलापूरला पाणी आणणाऱ्या समांतर जलवाहिनीत एनटीपीसीचे पण पैसे आहेत असं मिस्टर सांगत होते. मला कळंना, वीज बनवणारी कंपनी शहराच्या पाइपात पैसे कशाला घालेल? उद्या आमच्या वाटचं पाणी तिकडं जाणार का? सासूबाई म्हणतात, फुकट कुणी चहासुद्धा पाजत नाही.
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, सासूबाईंना नमस्कार सांगा, त्यांनी अर्धं उत्तर दिलंच आहे. फुकट कुणीच नाही, आणि तसं नसावंच, कारण दोघांची गरज असली तरच असलं काम टिकतं.

बघा, दक्षिण सोलापुरातल्या एनटीपीसीच्या 1320 मेगावॅटच्या वीज प्रकल्पाला पाणी उजनीचंच लागतं आणि आपल्यालाही उजनीचंच, म्हणजे भांडं एक आणि तहानलेले दोन (शेतकरी धरले तर तीन, आणि ते धरायलाच पाहिजेत). शहरासाठी धरणातून भीमा नदीत पाणी सोडून ते खाली टाकळी गावाजवळ उचलायचं म्हटलं की वाटेत काही मुरतं, काही उन्हानं उडतं, काही मोटारी ओढतात, आणि शहराला लागतं त्याच्या कितीतरी पट सोडावं लागतं. 110 किलोमीटरचा, दिवसाला 17 कोटी लिटर क्षमतेचा पाइप टाकला की ही गळती वाचते, आणि धरणात उरलेलं पाणी सगळ्यांच्याच कामाचं.

आता तुमची खरी भीती, आपलं पाणी जाणार का? माझं मत सरळ आहे, कंपनीला द्यायचं तर शहराचं सांडपाणी द्यावं, शुद्ध करून. जानेवारी 2016 च्या केंद्राच्या वीजदर धोरणात तर लिहिलंच आहे की सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक प्रकल्पांनी ते पाणी वापरायचं. नागपूरनं हे करून दाखवलं, भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, महाजेनको, म्हणजे राज्याची वीजनिर्मिती कंपनी, त्याचे पैसे महापालिकेला देते आणि तेवढं पेंच धरणाचं चांगलं पाणी वाचतं. नाल्याच्या पाण्याला गिऱ्हाईक मिळालं की अजून काय पाहिजे!

पण भूमिपूजनाच्या फोटोवर जाऊ नका. महापालिका आणि एनटीपीसीच्या करारातलं कंटाळवाणं पान वाचा. पंपाचं लाइट बिल कोण भरणार, पाइप फुटला तर कोण धावणार, एप्रिल-मेमध्ये धरण खाली गेलं की आधी कुणाचं कापणार, आणि शुद्ध केलेलं पाणी ठरल्यासारखं नाही निघालं तर काय? पुण्याचं उदाहरण घ्या, 2007 मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडची बससेवा एक करून पीएमपीएमएल झाली, त्यात पुण्याचा वाटा 60 टक्के, पिंपरीचा 40, आणि तोटा पण त्याच हिशोबानं वाटून घ्यायचा. मला विचाराल तर तोट्याची वाटणी आधी लिहिली हीच त्यातली शहाणी गोष्ट, कारण नफ्यात भागीदार सगळेच असतात. आपल्या स्मार्ट सिटी कंपनीत पण महापालिका आणि राज्य सरकार निम्मे-निम्मे, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं.

करार बघायचा असेल तर माहिती अधिकारात साधा अर्ज टाका, 10 रुपये फी. कराराची प्रत आणि सगळी परिशिष्टं असं स्पष्ट लिहा, नाहीतर नुसतं पहिलं पान हातात येतं.

प्रश्न : आमच्या गल्लीशेजारच्या शाळेचं मैदान संध्याकाळी कुलूपबंद असतं, पोरं रस्त्यावर खेळतात. ते वापरायला मिळेल का?
– एक आजोबा, हद्दवाढ भाग

उत्तर : काका, इथंही तेच, किल्ली कुणाकडे ते आधी ठरवा. नुसतं ‘मैदान उघडा’ म्हणून अर्ज दिला की शाळा घाबरते, काच फुटली तर कोण भरणार म्हणून. वेळ लिहा, कुलूप लावायला दोन माणसांची नावं द्या, नुकसान गल्ली भरेल असं लिहून द्या, मग मुख्याध्यापकांकडे जा. आणि पहिल्या दिवशी टेनिस बॉलच न्या.