'द लास्ट जेडाय'मधला म्हातारा ल्यूक चाहत्यांना इतका का खटकला?

तुमचा प्रश्न असा आहे, की डार्थ व्हेडरसारख्या बापातही चांगुलपणा शोधणारा 'स्टार वॉर्स' सिनेमांचा नायक ल्यूक स्कायवॉकर २०१७ च्या 'द लास्ट जेडाय'मध्ये बेटावर दडून बसलेला कडवट म्हातारा कसा काय होतो, आणि त्यावरून चाहते एवढे का पेटले. मला तो म्हातारा ल्यूक मनापासून आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. पण चिडलेल्यांना 'तुम्हाला सिनेमाच कळत नाही' म्हणून झटकून टाकणारे लोक मला अजिबात पटत नाहीत.

राग समजायचा असेल तर मधली वर्षं बघा. ल्यूकची मूळ कथा संपवणारा 'रिटर्न ऑफ द जेडाय' आला १९८३ मध्ये. त्यानंतर ल्यूक पडद्यावर दिसला तो थेट २०१५ मध्ये, 'द फोर्स अवेकन्स'च्या अगदी शेवटी, तोही एक शब्द न बोलता. पण ही ३२ वर्षं चाहत्यांसाठी रिकामी नव्हती. १९९१ मध्ये टिमोथी झानची कादंबरी आली आणि त्यापुढे अधिकृत पुस्तकांची रांगच लागली. त्यांत ल्यूकने नवे जेडाय, म्हणजे त्या जगातले योद्धे-साधक, घडवले, लग्न केलं, संसार थाटला, गुरूंचा गुरू झाला. पुढे २०१२ मध्ये डिस्नेने 'स्टार वॉर्स' बनवणारी कंपनी लुकासफिल्म विकत घेतली आणि २०१४ मध्ये ही सगळी पुस्तकं 'लेजेंड्स' या शिक्क्याखाली मुख्य कथेबाहेर काढली गेली. ज्यांनी ती वाचत उमेदीची वर्षं काढली, त्यांच्या लेखी ल्यूकचं मधलं आयुष्य घडून गेलेलं होतं. ते कुणीतरी पुसलं, आणि वर नव्या सिनेमांची नायिका रे त्याच्या हातात लाइटसेबर, म्हणजे जेडायची प्रकाशाची तलवार, ठेवते तर हा ती खांद्यावरून मागे फेकून चालायला लागतो. दोन वर्षं त्या क्षणाची वाट बघितलेल्या माणसाला हे लागणारच.

खरा वाद मात्र झोपडीतल्या रात्रीचा आहे. आपल्या जेडाय-शाळेत शिकणारा भाचा बेन अंधाराकडे, म्हणजे दुष्ट शक्तीकडे, झुकतोय हे जाणवल्यावर ल्यूक त्याच्या उशाशी लाइटसेबर पेटवून उभा राहतो. सिनेमा हा प्रसंग तीनदा दाखवतो. ल्यूक पहिल्यांदा सांगतो तेव्हा लाइटसेबरचा भागच गाळतो. बेनच्या आठवणीतला मामा तर त्याला मारायलाच आलेला आहे. आणि तिसऱ्यांदा ल्यूक खरं बोलतो: क्षणभर मनात आलं, लगेच ओसरलं, पण तोवर पोराने डोळे उघडले होते.

'आमचा ल्यूक असं करूच शकत नाही' हे म्हणणं इथे मला मान्य नाही. १९८३ चं शेवटचं द्वंद्व आठवा. तुझी बहीण तरी आमच्या बाजूला येईल, एवढं व्हेडरने म्हणताच ल्यूक किंचाळत त्याच्यावर तुटून पडतो, वारांवर वार घालत त्याचा हात तोडतो. मग त्या तुटलेल्या यांत्रिक हाताकडे आणि स्वतःच्या हातमोज्यातल्या तशाच यांत्रिक हाताकडे बघतो, तेव्हा कुठे भानावर येतो आणि लाइटसेबर फेकून देतो. आपल्या माणसांवर संकट आलं की याचा तोल जातो आणि मग सावरतो, हा त्याचा मूळ स्वभावच आहे. झोपडीत तो उलट फार लवकर सावरलाय. बेन जागा झाला, एवढंच नशीब फिरलं.

मग सिनेमा कमी कुठे पडला? मधला माणूस आपल्याला भेटलाच नाही, तिथे. त्या रात्री ल्यूकची शाळा जळाली, त्यानंतर बेटावर जाईपर्यंत ल्यूक आतून कसा मोडत गेला, हे काही वाक्यांत उरकलंय. त्याच वर्षी 'एक्स-मेन' मालिकेतला 'लोगन' आला. त्यातला नायकही म्हातारा, दारुडा, हरलेला, आणि तरी लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. कारण ह्यू जॅकमनला त्या भूमिकेत प्रेक्षक २००० पासून दर दोन-चार वर्षांनी बघत आले होते, आणि लोगन पहिल्यापासूनच जखमा घेऊन फिरणारा माणूस होता. ल्यूक म्हणजे आशा. तिला विझलेली दाखवायची तर अजून अर्धा तास द्यायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

ल्यूक साकारणाऱ्या खुद्द मार्क हॅमिललाही हा ल्यूक पटला नव्हता. दिग्दर्शक रायन जॉन्सनला त्याने तसं तोंडावर सांगितलं, आणि मग काम मात्र जीव ओतून केलं. आपली शंका जाहीर बोलून दाखवल्याची खंतही त्याने नंतर व्यक्त केली. मतभेद असा असावा. याच सिनेमातल्या अभिनेत्री केली मेरी ट्रॅनच्या मागे हात धुऊन लागलेल्यांनी जे केलं, त्याला मी चाहत्यांचा राग म्हणणार नाही, तो निव्वळ छळ होता.

आणि क्रेट या ग्रहावरचा शेवट नीट बघा. जमिनीवर पांढरं मीठ, खाली लाल माती. आता कायलो रेन झालेल्या बेनचा पाय पडेल तिथे लाल ओरखडा उठतो, ल्यूकच्या पावलांचा मात्र मागमूस नाही, कारण तो तिथे नाहीच. बेटावर बसून फक्त आपलं रूप त्याने पाठवलंय. पूर्ण झुंजीत तो भाच्यावर एकही वार करत नाही, त्याला नुसता खेळवत ठेवतो आणि तेवढ्यात त्याच्या बहिणीची, लियाची, उरलीसुरली माणसं निसटतात.

तुम्ही दोन्ही सिनेमे पुन्हा बघणार असाल तर १९८३ चं ते द्वंद्व आधी बघा आणि लगेच झोपडीचा प्रसंग लावा. तरीही हा ल्यूक परका वाटला, तर का वाटला ते खाली जरूर लिहा, मला वाचायचंय.