पहिलं फळ बियाण्याचं

प्रिय पोरी,

रविवारी तू जिन्यात बसून रडलीस, ते डोळ्यांपुढून जात नाही. दोन वर्षं कॉलनीचा बगिचा जिवापाड जपलास आणि यंदा टोमॅटो एका झाडाला गोल, दुसऱ्याला लांबट, तिसऱ्याला नुसताच पाला. सगळ्यांनी तुलाच बोल लावला. वर ती कंपनी बी, रोपं, कुंड्या सगळं फुकट देतेय. "काकू, घेऊन टाकू का?" म्हणालीस.

नको घेऊस.

तुझी मेहनत कमी पडली नाही गं. गेल्या वर्षीचं पाकीट संकरित वाणाचं होतं. त्याच्या फळातलं बी पेरलं की पुढच्या पिढीत गुण फुटून निघतात, एकासारखं दुसरं झाड येत नाही. म्हणजे दर जूनला पुन्हा त्याच दारात उभं राहायचं. ज्या बगिच्याचं बी दुसऱ्याच्या हातात, तो बगिचा दुसऱ्याचाच. बी आपलं हवं.

खताची चिंता तू उगाच करतेस. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इथेच होते, त्यांनी बसवलेली कंपोस्टची पद्धत जगभर आपल्या इंदूरच्या नावानं ओळखली जाते. तुझे खड्डे मी पाहिलेत, उत्तम आहेत. पण बियाण्याचा डबा कुठे आहे तुझा? तीनदा विचारलं, तीनदा विषय बदललास.

माझ्या आजीचा डबा होता. लग्न होऊन अलिबागकडून इंदुरात आली, तेव्हा पदरात कडवे वाल बांधून आणले होते तिनं. लालसर तपकिरी, बारीक, कडेला पांढरी रेघ. दर थंडीत परसात वेल चढायचा, दर उन्हाळ्यात राख लावलेलं बी डब्यात जायचं. ती गेल्यावर डबा माझ्याकडे आला. 1994 साली अचानक पाहुणे आले, उसळीला घरात काही नव्हतं. मी डबा उघडला आणि सगळे वाल भिजत घातले. वाटलं, बाजारातून आणू की! आणले, पेरलेही. वेल माजला, शेंगा चार. चवही ती नव्हे. साठ-सत्तर वर्षं जपलेलं मी एका जेवणात संपवलं.

म्हणून मी हट्टी झाले. आमच्या गल्लीतल्या मंडळालाही असंच फुकट बी येत होतं. मी अडून बसले, मंडळ फुटलं. अजून लोक बोलतात. बोलू देत. 2020च्या टाळेबंदीत ठेला गल्लीत यायचा बंद झाला, तेव्हा माझ्या डब्यात माठाचं बी होतं. महिन्याभरात चार घरांना भाजी गेली, त्यातली दोन घरं मंडळ फुटलं तेव्हा माझ्याशी भांडलेली. मी चुकले नव्हते.

आता नीट ऐक. देशी टोमॅटो, वाल, चवळी यांपासून सुरू कर, ही बहुतेक आपलंच परागण करतात, वाण टिकतो. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस पाण्यात आंबव, धू, सावलीत वाळव. दुधी-भोपळ्यात मधमाश्या वाण मिसळतात; उमलायच्या आदल्या दिवशी मादी आणि नर, दोन्ही कळ्या दोऱ्यानं बांध, उमलल्या की नराचा पराग मादीला स्वतः लाव, मादी फूल पुन्हा बांध. कांद्याचं बी वर्षभरातच निकामी होतं, साठवत बसू नकोस. आणि सगळ्यांत चांगलं फळ तोडायचं नाही. लोक तेच आधी मागतील. लाल दोरा बांध आणि सांग, हे बियाण्याचं. तिथे मऊ पडलीस तर पुढचं सगळं फुकट.

बी राखायला, अदलाबदल करायला कायद्याची आडकाठी नाही. 2001च्या पीक वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला तो हक्क दिलेलाच आहे. मग प्रत्येक घराकडे एकेक वाण दे. एकाचं बुडालं तर दुसऱ्याकडे असेल. माझ्या आजीचा वाल एकाच डब्यात होता, तीच चूक झाली.

सोबत गिलकीच्या, म्हणजे घोसाळ्याच्या, एकोणीस बिया आहेत. दहा पेर, नऊ ठेव. पाऊस पडला की लाव, आणि चिठ्ठीवर साल लिही, विसरतेस.

आणि कुणाच्या परसात लालसर, बारीक वाल दिसला, कडेला पांढरी रेघ असलेला, तर तोडायच्या आधी मला फोन कर. मी रिक्षानं येईन.

तुझी,
काकू