‘टॅरी’ (tarry, म्हणजे थांबणं) हा जुना इंग्रजी शब्द कुठून आला? डांबराच्या ‘टार’शी त्याचा काही संबंध आहे का?

डांबराशी संबंध नाही. पण तुमचा गोंधळ समजू शकते, कॉलेजात माझाही झाला होता. ‘टार’पासून झालेल्या विशेषणाचं स्पेलिंगही अक्षर न् अक्षर हेच आहे. डांबर लागलेलं (‘डांबरट’ म्हणायची सोय नाही, भलताच अर्थ निघतो!) या अर्थाचा उच्चार ‘टारी’, आणि थांबण्याचा ‘टॅरी’. हे टार पूर्वी पाइनच्या लाकडापासून काढत आणि शब्दाचं नातं थेट संस्कृत ‘दारु’शी, म्हणजे आपल्या देवदारातल्या ‘दार’शी लागतं. ते घराणंच वेगळं.

थांबण्याचा ‘टॅरी’ चौदाव्या शतकापासून दिसतो. तेव्हा त्याचा एक अर्थ ‘दुसऱ्याला खोळंबून ठेवणं’ असाही होता. त्याच शतकातला इंग्रजी कवी चॉसर, त्याच्या एका कथेत सांगणारा श्रोत्यांना म्हणतो, तुम्हाला खोळंबवत नाही, बराच वेळ झालाय. तिथे क्रियापद हेच.

मूळ कोणतं, यावर मात्र एकमत नाही, आणि भांडण मजेदार आहे. जुन्या इंग्रजीत ‘चिडवणं, त्रास देणं’ अशा अर्थाचं एक क्रियापद होतं. त्याचं पुढचं रूप ‘टॅरी’शी हुबेहूब जुळतं, पण चिडवण्यातून उशीर कसा निघाला ते नीट सांगता येत नाही. दुसरीकडे जुन्या फ्रेंचमध्ये ‘उशीर करणं’ या अर्थाचं ‘तार्जिए’ होतं, लॅटिन ‘तार्दुस’ म्हणजे मंद, त्यातून आलेलं. इंग्रजीतला ‘टार्डी’ याच लॅटिन शब्दाचा. इथे अर्थ चपखल बसतो, पण मधला ‘ज’ गेला कुठे? एकाचा आवाज जुळतो, दुसऱ्याचा अर्थ. मला वाटतं दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले असावेत, पण हा माझा अंदाज.

अर्थाबद्दल म्हणाल तर कोशात ‘रेंगाळणं’ पाहून सगळीकडे तेच लावू नका. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये सावकार शायलॉक सुरी परजून तयार आहे, निकाल त्याच्या बाजूने लागलाय, आता करारानुसार कर्जदाराच्या छातीचं मांस कापणार, तेवढ्यात वकिलाच्या वेशातली पोर्शिया त्याला ‘जरा टॅरी’ असं सांगते. मांस घे, पण करारात रक्ताचा थेंबही लिहिलेला नाही! इथे ‘जरा रेंगाळ’ म्हटलं तर सगळा प्रवेश बसला. ‘थांब जरा’ हवं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये लोट दोन पाहुण्यांना रात्रभर ‘टॅरी’ करायचा आग्रह करतो, तिथे सरळ ‘मुक्काम’. येशू शिष्यांना सामर्थ्य मिळेपर्यंत यरुशलेमेत ‘टॅरी’ करायला सांगतो, तिथे ‘वाट पाहत राहणं’. त्यावरूनच अमेरिकेतल्या पेंटेकॉस्टल या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या तासन् तास प्रार्थना करत बसण्याच्या सभांना ‘टॅरिइंग मीटिंग’ म्हणू लागले. टंगळमंगळ कुठेच नाही.

आज कोणी ‘टॅरी’ म्हणालंच तर ते बहुधा गंमत म्हणून, आपण ‘किंचित विलंब जाहला’ म्हणतो तसं.

टंगळमंगळच हवी असेल तर ‘लॉइटर’ (loiter) हा इंग्रजी शब्द घ्या. तो जुन्या डचमधून आला असं मानतात, आणि तिथे त्या क्रियापदाचा अर्थ होता सैल होऊन हलणं. पडायला आलेला दात हलतो ना, तसं.